हास्केलमध्ये मराठी शब्दांची मोजणी: काना-मात्रा गळतात आणि लॅपटॉप अडकतो

रानजाई

नमस्कार. मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी वाचनपाठ तयार करताना कोणते शब्द लिखित मराठीत पुन्हा पुन्हा येतात याची यादी हाताशी हवी आहे. त्यासाठी मराठी विकिपीडियाचा मजकूर उतरवून घेतला आणि त्यातल्या खुणा काढून एक साधी फाइल केली. ती साधारण ३०० एमबी आहे. हास्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा गेल्या वर्षापासून शिकते आहे, मनापासून आवडते, म्हणून हेही त्यातच करायचं ठरवलं.

प्रोग्रॅम असा आहे: रीडफाइलने मजकूर वाचते. लेंग्थ लावून एकूण अक्षरं किती ते छापते. मग वर्ड्सने शब्द पाडते, प्रत्येक शब्दातून इझअल्फाला (चिन्ह अक्षर आहे का ते तपासणाऱ्या फंक्शनला) न जुळणारी चिन्हं गाळते, आणि यादी एकेक घटक घेत हिशोबात घालणारं फोल्डएल वापरून डेटा.मॅप या शब्द-संख्या कोशात इन्सर्टविथने प्रत्येक शब्दाला एक-एक वाढवत जाते. शेवटी प्रिंट.

तीन गोष्टी अडल्या आहेत.

पहिली, प्रिंट केल्यावर शब्दांऐवजी उलटी तिरकी रेघ आणि आकडे दिसतात. "मराठी"च्या जागी २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८.

दुसरी, लहान फाइलवर आकडे टाळून शब्द छापून पाहिले तर काना-मात्रा गायब. "मराठी"चं "मरठ" होतं, "शिक्षण"चं "शकषण".

तिसरी, मोठ्या फाइलवर एकूण अक्षरांची संख्या कशीबशी येते आणि नंतर लॅपटॉप गोठतो. मेमरी ८ जीबी आहे. फाइल ३०० एमबीची असताना हे का व्हावं, ते मला समजून घ्यायचं आहे. नुसता चालणारा कोड नको.

आडवाट

पहिल्या दोन्हींचं सांगतो.

प्रिंट हे आतून शो वापरतं. शोचं काम माणसाला दाखवणं हे नाहीच. ते जे लिहितं ते पुन्हा हास्केलच्या कोडमध्ये चिकटवता यावं, रीडने परत वाचता यावं, अशी त्याची रचना आहे. म्हणून आस्कीबाहेरचं (रोमन अक्षरं, आकडे वगैरे सोडून) प्रत्येक चिन्ह ते आकड्यात लिहितं. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांची क्रमांकित यादी, त्यात २३५० हा "म"चा क्रमांक आहे. मजकूर बिघडलेला नाही. शब्द दाखवायचा असेल तिथे पुटस्ट्रएलएन वापरा. मॅप सरळ प्रिंट करू नका, त्याची यादी करून एकेक ओळ छापा.

मात्रांचं कारण वेगळं. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक वर्ग असतो. "म", "र", "ठ" हे अक्षर या वर्गात, तर काना, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि अक्षराचा पाय मोडणारं हलन्त हे सगळे "मार्क" वर्गात. इझअल्फा फक्त अक्षरवर्गाला हो म्हणतं. इंग्रजीसाठी ते पुरतं, आपल्या लिपीत त्याने शब्दाचा सांगाडा उरतो. डेटा.कॅरमध्येच इझमार्क आहे, दोहोंपैकी एक खरं असेल तर चिन्ह ठेवा.

त्याच ओघात: लेंग्थ "मराठी"ला ५ म्हणतं, कारण ते युनिकोडचे क्रमांक मोजतं. तुमच्या वर्गातली मुलं ३ म्हणतील. तुम्हाला मुलांचा आकडा हवा असेल तर मार्क वगळून मोजणं हा पहिला अंदाज, पण जोडाक्षरांत तोही चुकतो. "क्ष"ची दोन होतील.

सातपुडा

मेमरीचं सोपं आहे. फोल्डएल काढा, फोल्डएल प्राइम घाला. साधं फोल्डएल बेरजा लगेच करत नाही, "नंतर करू" अशा चिठ्ठ्या साठवत जातं. त्या चिठ्ठीला थंक म्हणतात. जीएचसी या हास्केलच्या कंपाइलरच्या २०२४ मधल्या ९.१० आवृत्तीपासून तर फोल्डएल प्राइम प्रेल्यूडमध्येच (आपोआप हाताशी असणाऱ्या फंक्शनांत) मिळतं, वेगळं आयात करायचीही गरज नाही.

रानजाई

मनापासून आभार. शब्द नीट दिसू लागले, "शिक्षण" पुन्हा "शिक्षण" झालं.

सातपुडा, फोल्डएल प्राइम घातलं. तरीही लॅपटॉप गोठलाच. थोडा उशिरा, इतकाच फरक.

निरगुडी

ताई, सातपुडा यांचा सल्ला बरोबर आहे, पण तुमच्या प्रोग्रॅममध्ये आळस, म्हणजे काम पुढे ढकलणं, तीन ठिकाणी आहे आणि त्यातलं एकच ठिकाण त्याने बुजलं. तुम्हाला कारण हवं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोल्डएल प्राइम प्रत्येक पायरीवर काय सक्तीने काढतं? मॅपचं फक्त वरचं आवरण. मॅपच्या आत "आहे" या शब्दासमोर जी किंमत आहे ती तशीच राहते: एक अधिक (एक अधिक (एक अधिक...)). "आहे" लाखो वेळा आला तर तितक्या लांबीची साखळी. डेटा.मॅप हे नाव आयात केलं की आळशी प्रकार मिळतो. डेटा.मॅप.स्ट्रिक्ट आयात करा. फंक्शनांची नावं तीच आहेत, एक ओळ बदलायची. हे दुसरं ठिकाण.

तिसरं ठिकाण सगळ्यात मोठं, आणि ते तुमच्या वर्णनातच दिसतं: "एकूण अक्षरांची संख्या कशीबशी येते आणि नंतर गोठतो."

रीडफाइल फाइल एकदम वाचत नाही, लागेल तशी वाचतं. एकाच फेरीत मजकूर वापरून टाकला असता तर वाचलेला भाग मागच्या मागे मोकळा होत गेला असता आणि ३०० एमबी काय, त्याच्या दसपटही सहज गेलं असतं. पण तुम्ही तोच मजकूर दोनदा वापरता, आधी लेंग्थला आणि मग वर्ड्सला. लेंग्थ शेवटपर्यंत जाऊन येते तेव्हा सुरुवातीचं काहीच सोडता येत नाही, कारण वर्ड्सला ते अजून हवं आहे. त्यामुळे अख्खी फाइल स्ट्रिंग या रूपात मेमरीत उभी राहते.

आता ती किती मोठी होते ते बघा. स्ट्रिंग म्हणजे चिन्हांची साखळी. साखळीची एक कडी तीन शब्दांची (यंत्राचे शब्द, ८ बाइटांचे), म्हणजे २४ बाइट. कडीत अडकवलेलं चिन्ह स्वतः दोन शब्दांचं, १६ बाइट. रोमन चिन्हांसाठी जीएचसी हे १६ वाचवतं: पहिल्या २५६ चिन्हांच्या तयार प्रती त्याच्याकडे कायमच्या असतात आणि कचरा (न लागणारी मेमरी) गोळा करताना ते सगळ्या कड्या त्या प्रतींकडे वळवतं. देवनागरी त्या २५६ मध्ये नाही. म्हणजे आपल्या प्रत्येक चिन्हाला पूर्ण ४० बाइट.

यूटीएफ-८ (युनिकोडची चिन्हं बाइटांत लिहिण्याची नेहमीची पद्धत) फाइलमध्ये देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. ३०० एमबी म्हणजे सुमारे १० कोटी चिन्हं. गुणिले ४०: चार जीबी. आणि जीएचसीचा नेहमीचा कचरागोळा जिवंत माल एका जागेहून दुसऱ्या जागी नक्कल करतो, म्हणजे त्या क्षणी जवळपास दुप्पट जागा लागते. आठ जीबी. तुमचा लॅपटॉप तेवढाच आहे.

सातपुडा

हे २५६ चिन्हांचं मला माहीत नव्हतं. निरगुडी, धन्यवाद. इंग्रजी फाइलवर मी हाच प्रकार चालवला होता तेव्हा निभावलं होतं, म्हणून मी छातीठोक लिहिलं.

घाटमाथा

यावर थोडं मागचं सांगावंसं वाटतं, कारण स्ट्रिंग अशी का हा प्रश्न प्रत्येक शिकणाऱ्याला पडतो.

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड इथे एका परिषदेच्या निमित्ताने आळशी फंक्शनल भाषांवर काम करणारी मंडळी भेटली. प्रत्येकाची भाषा वेगळी, कल्पना मात्र बऱ्याचशा सारख्या. मग समिती नेमून एकच भाषा करायची ठरली आणि तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी यांचं नाव तिला दिलं. पहिला अहवाल १९९० चा. त्या काळात मजकूर म्हणजे चिन्हांची यादी हे फार देखणं होतं, यादीवर चालणारं प्रत्येक फंक्शन मजकुरावरही चालतं. युनिकोडची पहिली आवृत्तीसुद्धा त्यानंतरची, १९९१ ची. तेव्हा शिकायला आणि लहान कामाला स्ट्रिंग आजही गोड आहे, पण कोट्यवधी चिन्हांना नाही. हास्केलमध्ये लिहिलेलं पॅनडॉक अनेकजण दस्तऐवज बदलायला वापरतात. त्यांनीही २०१९ मध्ये आतली स्ट्रिंग काढून टेक्स्ट हा मजकुराचा दुसरा प्रकार घेतला.

ताई, तुम्हीही टेक्स्ट घ्या. ते सलग पट्टीत साठवतं. टेक्स्ट २.० पासून आत यूटीएफ-८ आहे, म्हणजे तुमची फाइल मेमरीतही जवळपास ३०० एमबीच राहील. आधीच्या टेक्स्टमध्ये यूटीएफ-१६ होतं आणि त्यात देवनागरीला दोनच बाइट लागायचे, म्हणजे त्या बदलात आपल्या लिपीची जागा दीडपट झाली. तरी मला तो बदल योग्यच वाटतो: फाइलमध्ये आणि नेटवर सगळं यूटीएफ-८ असताना दर वेळी उलथापालथ करण्यात काय अर्थ?

निरगुडी

फाइल वाचताना बाइटस्ट्रिंगने, म्हणजे कच्च्या बाइटांच्या रूपात, वाचा आणि मग डीकोड-यूटीएफ-८ करा. पण बाइटस्ट्रिंगच्या कॅर८ मॉड्युलचं पॅक मराठीला कधीही लावू नका. ते प्रत्येक चिन्हाचे खालचे आठ बिट ठेवतं आणि बाकी कापून टाकतं, तक्रारही करत नाही. त्यातून मजकूर परत मिळत नाही.

आणि मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. आरटीएसऑप्ट्स हा पर्याय देऊन कंपाइल करा, चालवताना प्लस-आरटीएस आणि एस द्या. शेवटी एकूण मेमरी आणि कचरा गोळा करण्यात गेलेला वेळ दोन्ही छापून येतं. जीएचसीआयमध्ये (ओळ लिहिली की लगेच चालवणाऱ्या जीएचसीच्या रूपात) चालवून मेमरीबद्दल निष्कर्ष काढू नका, तिथे ऑप्टिमायझेशन नसतं.

बारव

मध्येच विचारतो, माफ करा. विषय जवळचा आहे. माझ्याकडे विंडोज आहे. एक ओळ मराठी छापायला गेलो तरी प्रोग्रॅम मरतो. कमिटबफर, इनव्हॅलिड आर्ग्युमेंट, २३५० हे चिन्ह एन्कोड करता येत नाही, असं काहीतरी येतं. आठवडाभर मी माझ्याच कोडमध्ये चूक शोधतोय.

आडवाट

कोड ठीक आहे. हास्केल बाहेर लिहिताना सिस्टिमने सांगितलेली लिपीपद्धत वापरतं आणि तुमच्या टर्मिनलने यूटीएफ-८ सांगितलेली नाही. मेनच्या पहिल्याच ओळीत एचसेट-एन्कोडिंग लावून स्टँडर्ड आउटपुटला यूटीएफ-८ करा. टर्मिनलमध्ये सीएचसीपी ६५००१ चालवा. लिनक्सच्या कंटेनरमध्येही नेमकं हेच होतं, कारण तिथे लँग हे चल रिकामं असतं. तिथे सी.यूटीएफ-८ ठेवलं की चालतं.

बारव

चाललं! पडद्यावर पहिल्यांदा "नमस्कार" दिसलं. आणखी एक: व्हीएस कोड या एडिटरमध्ये चुकांखाली लाल रेघ येत नाही, त्या चुका दाखवणारा लँग्वेज सर्व्हर सुरूच होत नाही. जीएचसी सगळ्यात नवीन टाकलं आहे.

आडवाट

सगळ्यात नवीन हेच कारण असावं. हास्केल लँग्वेज सर्व्हर (एचएलएस) प्रत्येक जीएचसी आवृत्तीसाठी वेगळा बांधलेला असतो आणि नव्या आवृत्तीसाठी तो यायला वेळ लागतो. जीएचसीअप या इन्स्टॉलरची यादी उघडा, ज्या जीएचसीपुढे एचएलएस-पॉवर्ड लिहिलं आहे ती निवडा. शिफारस केलेली म्हणून खूण असते ती नवशिक्यांसाठी उत्तम. आणि व्हीएस कोडमध्ये एकटी फाइल न उघडता कबाल या बांधणीच्या साधनाची फाइल असलेला फोल्डर उघडा.

रानजाई

टेक्स्ट घेतलं, मॅप स्ट्रिक्ट केला. चार-पाचदा वाचून समजून घेतलं तेव्हा कुठे हात लावला. फाइल पूर्ण झाली! एकूण मेमरी दोन जीबीच्या आत राहिली आणि चहा होईपर्यंत यादी तयार. निरगुडीताई, ते ४० बाइटांचं गणित मी वहीत उतरवून ठेवलं आहे.

आता शब्द पाडण्यासाठी स्प्लिट वापरते: देवनागरीच्या पट्ट्यात असेल आणि अक्षर किंवा मार्क असेल ते चिन्ह शब्दातलं, बाकी सगळं विभाजक. रिकामे तुकडे गाळते. त्यामुळे दंड, अवतरणं, इंग्रजी शब्द आपोआप गेले.

पण यादीत एक विचित्र गोष्ट आहे. "दुसर्" असा पाय मोडका शब्द सापडला. "सगळ्यां" नीट, "दुसऱ्या" हाही आहे, पण "दुसर्", "तिसर्", "बर्" वेगळे, आणि "या"ची संख्या मला संशयास्पद जास्त वाटते.

घाटमाथा

ही खास मराठीची अडचण, आणि शिक्षिकेच्याच नजरेला पडावी अशी.

"दुसऱ्या"मधला अर्धा र, ज्याचा रफार होत नाही, तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक तऱ्हा: "ऱ" हे स्वतंत्र चिन्ह आणि त्याचा पाय मोडलेला. दुसरी: साधा "र", हलन्त, आणि त्यापाठोपाठ एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. पडद्यावर दोन्ही एकसारखे. कोणत्या कीबोर्डने लिहिलं त्यावर अवलंबून.

ते अदृश्य चिन्ह अक्षर नाही, मार्कही नाही, त्याचा वर्ग "फॉरमॅट". तुमच्या स्प्लिटला तो विभाजक वाटला आणि शब्द तिथेच कापला गेला: "दुसर्" आणि "या". नुसतं गाळलं असतं तर आणखी वाईट, "दुसऱ्या"चं रफारवालं "दुसर्या" झालं असतं आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

म्हणून स्प्लिटच्या आधी टेक्स्टच्या रिप्लेसने र-हलन्त-जॉइनर ही तिकडी उचलून जागी ऱ-हलन्त ठेवा. त्यानंतर उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढून टाका. क्रम उलटा करू नका. युनिकोडचं एनएफसी हे प्रमाणीकरण इथे कामाला येत नाही: र आणि नुक्ता (खालचा ठिपका) मिळून ऱ ते करतं, जॉइनरला हात लावत नाही.

निरगुडी

पुढे बऱ्याच फाइली एकामागून एक वाचणार असाल तर एक गोष्ट आत्ताच सांगते. स्प्लिटने पाडलेला प्रत्येक शब्द हा मूळ मजकुराच्या पट्टीतली खिडकी असतो. मॅपमध्ये एक छोटा शब्द ठेवला तरी त्याच्यामागे आख्खी पट्टी अडकून राहते, जसं चोळीचा तुकडा न कापता आख्खं थान कपाटात ठेवावं तसं. शब्द मॅपमध्ये घालण्याआधी टेक्स्टचं कॉपी लावा. एका फाइलला फरक पडत नाही, शंभर फाइलींना पडतो.

रानजाई

"दुसर्" गेला, "या" जागेवर आला.

आता शेवटचं. यादी वर्णानुक्रमे लावली तर "ळ" हा "ल"च्या मागोमाग येतो. आम्ही शिकवतो तो क्रम ह, ळ, क्ष, ज्ञ. मुलांच्या हातात द्यायची यादी आहे, तिथे हा क्रम मोडायचा नाही.

सातपुडा

सॉर्ट युनिकोडच्या क्रमांकाने लावतं आणि त्यात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये आहे. सॉर्टऑन वापरा आणि त्याला तुलनेसाठी वेगळी किल्ली द्या. किल्लीत ळ, क्ष, ज्ञ यांच्या जागी युनिकोडमधली खासगी वापरासाठी राखलेली तीन चिन्हं घाला. ती देवनागरीच्या खूप पुढे येतात, म्हणजे आपोआप शेवटी जातील. सॉर्टऑन प्रत्येक शब्दाची किल्ली एकदाच काढतं, त्यामुळे वेळही वाचतो.

रानजाई

करून पाहिलं. ळ शेवटी गेला, पण जरा जास्तच. "कळ" हा "का", "की", "कोण" या सगळ्यांच्या नंतर येतो. "कह..." मात्र "का"च्या आधी.

सातपुडा

खरं आहे, माझ्या लक्षात आलं नाही. मात्रासुद्धा चिन्हंच आहेत आणि खासगी चिन्हं त्यांच्याही पुढे. ळ ला "ह"च्या नंतर पण कान्याच्या आधी बसवायला हवं, आणि तिथे मोकळी जागा नाही.

मग असं करा. हवा तो क्रम एका ओळीत स्वतः लिहा: आधी स्वर, मग क पासून ह, मग ळ, नंतर क्ष आणि ज्ञ यांची बदली चिन्हं, मग काना ते औकार, सगळ्यात शेवटी हलन्त. अनुस्वार आणि विसर्ग कुठे ते तुम्ही ठरवा. त्या ओळीला झिपने शून्यापासूनचे आकडे जोडून मॅप बनवा. शब्दाची किल्ली म्हणजे त्याच्या चिन्हांच्या आकड्यांची यादी. हास्केलमध्ये याद्यांची तुलना पहिल्या घटकापासून क्रमाने होते, वेगळं काही लिहावं लागत नाही.

घाटमाथा

एक शंका, ताई. "क्षण" क खाली शोधणारी माणसंही आहेत, कारण क्ष म्हणजे क अधिक ष.

रानजाई

हो, आणि मोठ्यांच्या यादीसाठी मी तसंच ठेवेन, बदली चिन्हं न घालता. पण वर्गाच्या भिंतीवरच्या तक्त्यात क्ष आणि ज्ञ शेवटी आहेत आणि मुलं बोट ठेवून तिथेच शोधतात.

सातपुडा, तुमच्या पद्धतीने लावली. "कळ" आता "कह"च्या नंतर आणि "का"च्या आधी आहे. क्रमाची ती ओळ प्रोग्रॅममध्ये सगळ्यात वर ठेवली आहे, एका नजरेत पूर्ण वर्णमाला दिसते. उद्या पहिली दोनशे शब्दांची यादी छापून शाळेत नेते आहे.